विहिरीला टीसीएल, टबाला काय?

गावच्या विहिरीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, किती टाकायची याचं माप ठरलेलं असतं. जलसुरक्षक नळाचं पाणी काचेच्या नळीत घेतो, क्लोरीन दाखवणारे ओटीचे थेंब टाकतो, पिवळा रंग दिसला की वहीत नोंद करतो. नळापर्यंत पोचलेल्या पाण्यात लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावं, एवढा साधा हिशेब. रोह्याला लागून असलेल्या वरसेसारख्या गावात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. त्याच पंचक्रोशीतल्या एखाद्या बंगल्याच्या गच्चीवर गरम पाण्याचा टब बसतो, तेव्हा त्या पाण्याला ना माप असतं, ना वही. वास्तविक टबाला क्लोरीन लागतं कितीतरी जास्त : अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या, म्हणजे सीडीसीच्या सल्ल्यानुसार लिटरमागे किमान 3 मिलिग्रॅम.

इतकं का? टबात पाणी असतं जेमतेम हजार-दीड हजार लिटर. त्यात चार-पाच माणसं बसणार. वर उष्णता आणि बुडबुडे, त्यामुळे क्लोरीन झपाट्याने उडून जातं. पालीजवळच्या उन्हेऱ्याच्या कुंडात पिढ्यानपिढ्या लोक उतरत आले, पण तिथे जमिनीतून नवं पाणी येत राहतं आणि जुनं वाहून जातं. टबात शनिवारचं पाणी रविवारी पुन्हा फिरतं.

अशा कोमट पाण्यात लिजिओनेला नावाचा जिवाणू फोफावतो. तो पोटात नाही, बुडबुड्यांतून उडणाऱ्या तुषारांवाटे थेट फुफ्फुसात जातो. 1999 मध्ये नेदरलँड्समधल्या बोव्हेनकार्स्पेल गावी फुलांचं प्रदर्शन भरलं होतं. तिथे विक्रीसाठी मांडलेल्या, बुडबुडे सोडणाऱ्या टबांमधून हा जिवाणू पसरला. सुमारे दोनशे लोक आजारी पडले, तिसाहून जास्त दगावले. टबात उतरायचं सोडाच, यातले बहुतेक नुसते शेजारून चालत गेले होते. आपल्याकडे पावसाळ्यात लाइट गेली की पंप थांबतो, पाणी तासन्‌तास कोमट पडून राहतं. लाइट आल्यावर आधी क्लोरीन आणि पीएच तपासायचा, मग बटण दाबायचं. तपासणीच्या पट्ट्या महाग नाहीत.

रोह्याच्या या भागाला खरं तर रसायनं सांभाळायला शिकवायची गरज पडू नये. धाटावच्या औद्योगिक वसाहतीतल्या रासायनिक कारखान्यांत राबलेली माणसं इथे घरोघरी आहेत. परमिटशिवाय टाकीत उतरायचं नाही, आम्ल आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आली की विषारी वायू सुटतो, हे त्यांना पाठ असतं. बंगल्याच्या केअरटेकरला मात्र क्लोरीनचा डबा आणि पीएच उतरवायच्या आम्लाची बाटली एकाच फडताळात ठेवायला सांगणारे मालक असतात. बहुतेकदा ते मालक मुंबई-पुण्यात, आणि केअरटेकरच्या हाती फक्त चाव्या.

मुलांचा धोका याहून जवळचा. जुलै 2022 मध्ये नाशिकचं एक कुटुंब जुळ्या मुलांचा वाढदिवस करायला लोणावळ्याच्या बंगल्यात गेलं आणि त्यातलं दोन वर्षांचं एक मूल पोहण्याच्या तलावात बुडालं. माणसांनी भरलेल्या घरात असं घडतं, कारण प्रत्येकाला वाटतं की दुसरं कुणीतरी बघतंय. टब तलावाहून उथळ म्हणून पालक आणखी निर्धास्त. टबावर कुलपाचं झाकण हवं आणि त्याची किल्ली मोठ्या माणसाच्या खिशात. पाच वर्षांखालच्या मुलाला टबात घेऊच नये. लहान अंग लवकर तापतं.

तळाच्या जाळीकडे तर कुणाचं लक्षच नसतं. 2002 मध्ये अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांची सात वर्षांची नात टबाच्या तळातल्या ओढीत अडकून बुडाली. तिच्या नावाने 2007 मध्ये तिथे कायदा झाला आणि सार्वजनिक तलाव-टबांना अडकू न देणाऱ्या जाळ्या सक्तीच्या झाल्या. घरच्या टबाची जाळी फुटली किंवा सैल झाली असेल, तर ती बदलेपर्यंत टब बंद. लांब केस बांधूनच आत बसायचं. पंप बंद करायचं बटण कुठे आहे, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक हवं.

मोठ्यांसाठी 40 अंश सेल्सिअस ही वरची मर्यादा, आणि एका वेळी पंधरा-वीस मिनिटं पुरेत. हाताने पाणी बघून तापमान कळत नाही, थर्मामीटर लागतो. गरोदर बाई, हृदयविकार असलेला किंवा रक्तदाबाच्या गोळ्या घेणारा माणूस यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. दारू पिऊन तर टबात उतरूच नये. गुंगीत डोकं पाण्याखाली गेलेलं कळत नाही. कोलाडला कुंडलिकेच्या राफ्टिंगमध्ये हेल्मेट आणि लाइफ जॅकेटशिवाय कुणी बोटीत बसू देत नाही. तोच पाहुणा रात्री बंगल्यावर ग्लास हातात घेऊन टबात बसतो, तेव्हा त्याला हटकणारं कुणी नसतं.

वायरिंगचा खर्च वाचवणं हा सगळ्यांत महाग हट्ट. टबाला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, आणि नीट अर्थिंग लागतं, आणि काम परवानाधारक वायरमनचंच. स्पीकरसाठी ओढलेला एक्स्टेन्शन बोर्ड टबाच्या काठावर दिसला, तर तो आधी काढायचा.

ग्रामपंचायतींनी यात हात घालावा. भाड्याने दिल्या जाणाऱ्या बंगल्यांची नोंद घेतानाच टबाचं झाकण, आरसीसीबी आणि पाण्याच्या तपासणीची वही दाखवायला सांगावी. मालकांना ही कटकट वाटेल, वाटू दे. विहिरीच्या पाण्याची नोंद ठेवणाऱ्या पंचायतीला हे काम अवघड नाही. नियम येईपर्यंत बुकिंगच्या फोनवर पाहुण्यांनीच विचारावं : पाणी शेवटचं कधी बदललं, क्लोरीन किती आहे, आणि रात्री झाकणाची किल्ली कुणाकडे असते?