कोळंबीतील औषधाचा माग

बाजारात वर्षभर मिळणारी एकसारख्या आकाराची ‘वनामी’ कोळंबी आणि आंध्र प्रदेशातून बर्फात येणारे रोहू-कटला ही समुद्राची नव्हे, तळ्यांची पैदास आहे. दाटीने वाढणाऱ्या या जिवांत रोग झपाट्याने पसरतो आणि काही उत्पादक खाद्यात प्रतिजैविके मिसळतात. त्यांचा अंश मांसात उरला, तर तो वासाने, रंगाने वा चवीने ओळखता येत नाही. लाल कल्ले आणि चमकदार डोळे ही आपल्या घरांतील कसोटी ताजेपणापुरतीच खरी.

निर्यातीच्या कोळंबीची तपासणी मात्र तळ्यापासूनच सुरू होते. सागरी उत्पादने निर्यात विकास प्राधिकरणाच्या प्रयोगशाळांत काढणीपूर्वीच नमुने ‘एलायझा’ चाचणीने पाहिले जातात. ही झाली चाळणी. अंतिम निर्वाळा क्रोमॅटोग्राफी आणि मास स्पेक्ट्रोमेट्री यांचे जोडयंत्र देते. क्लोरॅम्फेनिकॉलसाठी युरोपीय संघाची मर्यादा पूर्वी किलोमागे ०.३ मायक्रोग्रॅम होती, म्हणजे दहा हजार टन मासळीत अवघे तीन ग्रॅम! आता तीही निम्म्यावर आली आहे. इतकी कठोरता कशासाठी? हे औषध क्वचित, पण प्राणघातक असा अस्थिमज्जेचा विकार घडवते आणि त्याची निर्धोक मात्रा ठरवता आलेली नाही.

नायट्रोफ्युरान गटाची कथा अधिक चकवणारी आहे. मूळ औषध काही दिवसांतच विघटित होते. पण त्याचे अवशेष प्रथिनांना घट्ट चिकटून आठवडेच्या आठवडे राहतात. म्हणून प्रयोगशाळा औषध न शोधता हे अवशेष शोधते. ते शिजवण्यानेही फारसे नष्ट होत नाहीत. ‘चांगले उकळले की सारे जाते’, हा भरवसा येथे कामाचा नाही.

आपल्या देशातील नियमांनीही ही दोन्ही औषधे निषिद्ध ठरवली आहेत आणि ऑक्सिटेट्रासायक्लिनसाठी किलोमागे ०.१ मिलिग्रॅमची मर्यादा घातली आहे. परंतु परदेशी ताटासाठी तळ्यापासून बंदरापर्यंत जी पाळत ठेवली जाते, तिचा अल्पांशही मंडईतील टोपलीला लाभत नाही, हे मला खटकते. त्यातही ताटातल्या अंशापेक्षा मला अधिक भय तळ्यात बळावणाऱ्या, औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंचे वाटते. कच्ची मासळी हाताळताना ते आपल्या ओट्यावर येऊ शकतात. म्हणून तिची सुरी व पाट वेगळे ठेवावेत आणि हात साबणाने धुवावेत.

मासे सोडण्याचे मात्र कारण नाही. त्यांतील प्रथिने व उपयुक्त स्निग्धांश मुलांनाही हवेतच. विक्रेत्याला मासळी तळ्यातली की खाडीतली, हे अवश्य विचारावे. शिवाय, अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ मधील कलम ४० आपल्याला एक अधिकार देते, जो फारसा कुणी वापरत नाही. खरेदीच्या वेळीच विक्रेत्याला कल्पना देऊन आणि शुल्क भरून ग्राहकाला अन्नाचा नमुना अन्न विश्लेषकाकडून तपासून घेता येतो. नमुना नियमबाह्य ठरला, तर भरलेले शुल्क परत मिळते.