मदरबोर्डवरून हरवलेला जंपर

२६ एप्रिल १९९९, सोमवार. दक्षिण कोरियापासून तुर्कस्तानापर्यंत असंख्य घरांतील आणि कचेऱ्यांतील संगणक त्या दिवशी चालता चालता थांबले. पुष्कळांच्या हार्ड डिस्कवरील माहिती गेली. काहींचे नुकसान त्याहून खोल होते. कळ दाबली की पंखा फिरे, दिवा लागे. पडदा मात्र काळाच राही.

‘सीआयएच’ नावाच्या विषाणूचा हा प्रताप होता. तैवानमधील तातुंग संस्थेत शिकणाऱ्या चेन इंग-हाउ याने तो १९९८ मध्ये लिहिला. आकार जेमतेम एक किलोबाइट. प्रोग्रामच्या फाइलमधील रिकाम्या फटींत तो शिरून बसे, त्यामुळे फाइलचा आकारही वाढत नसे. ठरलेली तारीख चेर्नोबिल दुर्घटनेची निघाली, म्हणून लोकांनी त्याला ‘चेर्नोबिल’ हेच नाव दिले. हार्ड डिस्कचा आरंभीचा भाग पुसल्यावर तो आणखी एक गोष्ट करू पाही. मदरबोर्डवरील बायोसच्या चिपमध्ये कचरा लिही.

विषाणू त्यापूर्वीही होते आणि नंतरही आले. सीआयएचचे महत्त्व वेगळ्या कारणासाठी आहे. एक दार सताड उघडे राहिले असल्याचे त्याने जगाला दाखवले. ते दार कसे उघडले गेले आणि आजवर पुरते का लावले गेले नाही, याचा हा धागा.

संगणकाला वीज मिळते त्या क्षणी त्याची मुख्य स्मृती कोऱ्या धुळपाटीसारखी असते. प्रोसेसरला काहीच ठाऊक नसते. केवळ एका ठरावीक पत्त्यावर जाऊन तेथील पहिली आज्ञा वाचायची, एवढीच त्याची उपजत बुद्धी. त्या पत्त्यावर वीज गेल्यानंतरही टिकणारे काहीतरी लिहिलेले असावे लागते. ते लेखन म्हणजे बायोस. हे नाव गॅरी किल्डॉल याने १९७० च्या दशकात आपल्या ‘सीपी/एम’ या प्रणालीसाठी योजले होते.

ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमचा पीसी आला, तेव्हा त्याचा बायोस अवघ्या ८ किलोबाइटचा होता आणि कारखान्यातच चिपमध्ये कायमचा कोरलेला होता. शिलालेखच म्हणावा. चुकले तर खोडता येत नाही, आणि परक्याला बदलताही येत नाही. गंमत अशी की आयबीएमने त्याची संपूर्ण संहिता आपल्या तांत्रिक पुस्तिकेत छापून टाकली होती. वाचण्याची मुभा सर्वांना, बदलण्याची कुणालाच नाही!

मग सुधारणा कशी होई? पहिल्या पीसींचा बायोस विस्तार-कार्डांवरील रॉम ओळखत नसे, त्यामुळे हार्ड डिस्क जोडण्यात अडचण येई. ऑक्टोबर १९८२ च्या आवृत्तीत हा दोष दूर झाला. जुन्या ग्राहकाला ती हवी असेल तर नवी चिप विकत घ्यावी लागे. पेटीचे स्क्रू काढायचे, जुनी चिप जपून उपटायची, नव्या चिपची खाच योग्य दिशेला आहे ना हे पाहायचे आणि एकही पाय न वाकवता ती सॉकेटमध्ये दाबायची. हा सारा खटाटोप कंटाळवाणा होता खरा. मात्र मालकाच्या नकळत संगणकाचा बायोस बदलला, असे त्या काळात घडणेच शक्य नव्हते. संमती वेगळी विचारावी लागत नसे. ती त्या स्क्रू-ड्रायव्हरमध्येच होती.

मधल्या काळात खोडता येणारी चिपही होती. इंटेलमधील डोव्ह फ्रोमन यांनी १९७१ मध्ये घडवलेल्या ईप्रॉमच्या पाठीवर काचेची इवलीशी खिडकी असे. तिच्यातून अतिनील किरण सोडले की जुना मजकूर पुसला जाई. एरवी खिडकीवर कागदी चिकटपट्टी लावून ठेवत. पण त्यासाठीही चिप बाहेर काढावीच लागे.

खरी क्रांती झाली ती फ्लॅश स्मृतीमुळे. तोशिबातील फुजिओ मासुओका यांनी ती १९८४ मध्ये जगापुढे मांडली. मोठा भाग एका झटक्यात पुसला जाण्याची तिची रीत पाहून एका सहकाऱ्याला कॅमेऱ्याच्या फ्लॅशची आठवण झाली, आणि तेच नाव रूढ झाले. १९८८ मध्ये इंटेलने ती बाजारात आणली. पुढच्या दशकात मदरबोर्डवर हीच चिप बसू लागली, आणि बायोस बदलण्यास एक फ्लॉपी पुरेशी झाली.

याच वळणावर एक गफलत झाली. मालकाला जे सॉफ्टवेअरने लिहिता येते, ते चोरालाही सॉफ्टवेअरने लिहिता येते. अभियंत्यांना हे ठाऊक नव्हते असे मुळीच नाही. त्या काळच्या काही मदरबोर्डांवर लेखनबंदीचा जंपर होता: दोन-तीन पिना आणि त्यांवर बसणारे प्लास्टिकचे नखाएवढे टोपण. टोपण एका जागी असेल तर चिपला लेखनाचा मार्गच मिळत नसे, मग आज्ञा कुणीही देवो. जिथे हा जंपर लेखनबंदीच्या जागी होता, तिथे सीआयएच बायोसला स्पर्शही करू शकला नाही. इतरांना मात्र नवी चिप शोधत हिंडावे लागले. काही पैशांचे ते टोपण होते. सोयीच्या नादात ते मदरबोर्डवरून नाहीसे होत गेले.

सर्वसामान्य माणसाने या अनुभवातून आपला धडा घेतला: चालत्या गाडीला खीळ घालू नये, बायोसला हात लावू नये. त्या काळी हा सल्ला शहाणपणाचाच होता. फ्लॅशवर नवे लिहिण्यापूर्वी जुने पुसावे लागते. पुसणे संपले आणि लिहिणे पुरे झाले नाही, अशा क्षणी वीज गेली तर चिपमध्ये जुनेही नसते आणि नवेही नसते. महाराष्ट्रातील भारनियमनाची वर्षे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना या भीतीचे स्पष्टीकरण नको.

परंतु तो सल्ला आज जसाच्या तसा उगाळणे धोक्याचे आहे. १९९४ मध्ये पेंटियम प्रोसेसरच्या भागाकारात चूक सापडली. ती सिलिकॉनमध्येच होती. इंटेलला प्रोसेसर बदलून द्यावे लागले आणि त्यापायी ४७.५ कोटी डॉलरचा भार सोसावा लागला. २०२४ मध्ये त्याच कंपनीच्या १३व्या आणि १४व्या पिढीतील डेस्कटॉप प्रोसेसरांना गरजेपेक्षा अधिक व्होल्टेज मिळून ते झिजत असल्याचे उघड झाले. या वेळी उपाय आला तो मायक्रोकोडच्या रूपाने, बायोसच्या नव्या आवृत्तीतून. जे प्रोसेसर आधीच बिघडले होते, ते त्याने सुधारले नाहीत. ‘चालते आहे ना, मग राहू द्या’ म्हणणाऱ्या मालकाचा प्रोसेसर दर दिवशी थोडा थोडा झिजत होता. जुनी सावधगिरी येथे थेट नुकसानीची ठरली.

बायोस जुना राहण्याचे विनोदी परिणामही इतिहासात आहेत. २०१८ मध्ये एएमडीचे नवे रायझन प्रोसेसर दुकानांत आले, पण जुन्या साठ्यातील मदरबोर्ड त्यांना ओळखेनात. बायोस बदलायला संगणक सुरू व्हायला हवा, आणि संगणक सुरू व्हायला बायोस बदललेला हवा. बीज आधी की वृक्ष? शेवटी कंपनीने ग्राहकांना तेवढ्या कामापुरता दुसरा प्रोसेसर उसना पाठवला! प्रोसेसर न बसवता केवळ पेनड्राइव्ह आणि एक बटण यांच्या साहाय्याने बायोस लिहिण्याची सोय काही मदरबोर्डांवर तेव्हाही होती. आजही ती बहुतेक महागड्या मदरबोर्डांची मिरवण्याची गोष्ट आहे, आणि हे अनाकलनीय आहे. अपघातातून सावरण्याची सोय चैनीच्या वस्तूसारखी विकणे कुठल्याही तर्काने समर्थनीय ठरत नाही.

आता बायोसची जागा यूईएफआयने घेतली आहे, आणि अनेक संगणकांत नवी आवृत्ती ऑपरेटिंग सिस्टीमच्या नेहमीच्या अद्यतनांबरोबर येते. रक्षण कशाचे, तर डिजिटल स्वाक्षरीचे. मराठेशाहीत पत्राच्या अखेरीस मोर्तब उठवत, जेणेकरून पुढे कुणी ओळ घुसडू नये. ही स्वाक्षरी साधारण तेच काम करते. व्यवस्था उत्तमच आहे. पण मोर्तबच चोरीला गेले तर? २०२३ मध्ये एका मोठ्या मदरबोर्ड-निर्मात्याच्या स्वाक्षरीच्या खासगी किल्ल्या चोरट्यांच्या हाती लागून जाहीर झाल्या. त्याच वर्षाच्या अखेरीस संशोधकांनी दाखवून दिले की संगणक सुरू होताना दिसणारे कंपनीचे बोधचिन्हही शस्त्र होऊ शकते, कारण ते चित्र वाचणाऱ्या संहितेतच उणिवा होत्या. त्यापूर्वी, २०१८ मध्ये, ‘लोजॅक्स’ नावाचे हेरगिरीचे साधन थेट फर्मवेअरच्या चिपमध्ये दडलेले सापडले होते. हार्ड डिस्क बदलली तरी ते जागचे हलत नसे.

स्वाक्षरी सांगते ती एवढेच की मजकूर कुणाचा आहे. तो आज, या घरातील संगणकात लिहावा अशी मालकाची इच्छा आहे काय, हे तिला विचारताच येत नाही. तो प्रश्न केवळ जंपर विचारू शकत होता.

यावर आक्षेप येतो तो मोठ्या कंपन्यांचा: दहा हजार संगणक असतील तर प्रत्येकाची पेटी उघडून टोपण कोण हलवणार? आक्षेप रास्त आहे. मात्र घरातील टेबलाखालच्या एका संगणकाला दहा हजारांचा नियम का लागावा? सुरुवातीच्या क्रोमबुकांत लेखनबंदीसाठी चक्क एक स्क्रू असे. तो काढल्याशिवाय फर्मवेअरचा संरक्षित भाग कुणालाच बदलता येत नसे. स्वाक्षरी आणि स्क्रू एकाच यंत्रात सुखाने नांदले.

जागा नाही, खर्च वाढेल, ही कारणेही टिकत नाहीत. आजच्या बहुतेक मदरबोर्डांवर दोन-तीन पिना अजून उभ्या आहेत. त्यांवर टोपण बसवले की बायोसमधील मांडणी मूळपदावर येते. तारीख सांभाळणारी नाण्याएवढी बॅटरीही असते. लेखनबंदीचा जंपर जिथे बसला असता, ती जागा तिच्या शेजारीच रिकामी आहे.