काउंटरमागची ईद

वीस रोजे सरले की आपल्या बाजारपेठेचे घड्याळ बदलते. दुपारी दुकाने पेंगत असतात. इफ्तार आणि मगरिबची नमाज आटोपली की पेठेत माणसे येऊ लागतात आणि तरावीहनंतर तर पाय ठेवायला जागा उरत नाही. कापड, चपला, बांगड्या, अत्तर, शेवया, मुलांच्या टोप्या. या गर्दीत सगळे घेणारे असतात. देणाऱ्याकडे, म्हणजे काउंटरमागे सकाळपासून उभ्या असलेल्या पोराकडे किंवा पोरीकडे, फारसे कुणाचे लक्ष जात नाही.

कॉलेजात असताना मी तीन वर्षे एका कापडदुकानात नोकरीला होतो, म्हणून हे लिहावेसे वाटले.

ते काम वरून सोपे दिसते. पण साडी उलगडायला क्षण लागतो आणि घडी मूळ रेषेवर बसवायला हात तयार व्हावा लागतो. रोज्यात तहानेपेक्षा जड जाते ते बोलणे. घसा कोरडा असतो आणि गिऱ्हाईक म्हणते, ‘अजून दाखवा.’ वीस नग उघडून, ‘बघून येतो’ म्हणून ते उठून जाते. तोंडावरचे हसू तसेच ठेवून पुन्हा वीस घड्या घालायच्या. संध्याकाळी अजान झाली की काउंटरआड वळून एक खजूर आणि दोन घोट पाणी, की परत मीटरपट्टी हातात. पायाला सूज यायची. बायकांचे हाल याहून वाईट. अनेक दुकानांत स्वच्छतागृहच नसते, त्यामुळे रोजा नसलेल्या मुलीही दिवसभर पाणी पिण्याचे टाळतात.

तरीही त्या तीन वर्षांत मी जे शिकलो ते कॉलेजात मिळाले नसते. आमच्या दुकानात एक वयस्क सेल्समन होते, सगळे त्यांना चाचा म्हणत. मुलीच्या लग्नाचा बस्ता बांधायला आलेल्या बापाचा खिसा ते त्याच्या चपलेवरून ओळखत. भारी माल त्याच्यापुढे टाकून त्याला ओशाळे करत नसत. ‘हा घ्या, धुतला की अजून मऊ होतो,’ म्हणत स्वस्तातला टिकाऊ कपडा ते अशा अदबीने दाखवत, की तो बाप मान वर ठेवून दुकानातून बाहेर पडे. पुढे त्याच घरातली तिसरी पिढी चाचांना शोधत दुकानात यायची. या नोकरीत पगार थोडा असतो, पण गावाने आपल्याला नावाने हाक मारावी, आपल्या शब्दावर कपडा घ्यावा, ही कमाईही लहान नाही.

दुसरी कमाई सोबतच्या नोकरांची. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आम्ही दोघे-तिघे मुसलमान पोरे दुकान सांभाळायचो, म्हणजे बाकीच्यांना घरी जाता येई. आणि इफ्तारच्या वेळी तेच बाकीचे आमची गिऱ्हाइके आपल्याकडे ओढून घेत. याबद्दल कुणी कधी भाषण केले नाही. कामाच्या पाळ्या लागाव्यात तसे ते आपोआप होत असे.

पण एक ईद विसरता येत नाही. चांदरातीला दुकान मिटले तेव्हा अडीच वाजले होते. अर्ध्या गावाला नवे कपडे विकून मी घरी आलो आणि धाकट्या भावासाठी ठरलेली चप्पल तेवढी राहिली होती. पगार मागितला होता, तर ‘ईदनंतर बघू’ असे उत्तर मिळाले होते. फितरा ईदच्या नमाजेआधी द्यायचा असतो. तोही अम्मीने शेजारून उसने घेऊन दिला.

मजुराचा घाम वाळण्याआधी त्याची मजुरी हातावर ठेवावी, ही पैगंबरांची शिकवण आपण दर रमजानात ऐकतो. कुरआनातला ८३ वा अध्याय तर मापात मारणाऱ्यांच्या नावानेच ओळखला जातो. माप काही फक्त मीटरचे आणि किलोचे नसते. चौदा तास उभे करून आठ तासांचे दाम देणे, हेही मापात मारणेच आहे.

कायद्याने हे ओळखले आहे. केरळने २०१८ मध्ये दुकाने कायद्यात दुरुस्ती करून नोकरांना बसायला जागा देणे बंधनकारक केले. त्यामागे कोळिकोडच्या कापडदुकानांत राबणाऱ्या बायकांचा लढा होता आणि तो स्वच्छतागृहाच्या मागणीपासून सुरू झाला होता. २०२१ मध्ये तामिळनाडूनेही तशीच तरतूद केली. आपल्या राज्याच्या २०१७ च्या कायद्याने दुकान वर्षभर उघडे ठेवायची मुभा दिली, पण नोकराला आठवड्याची सुटी आणि जादा तासांना दुप्पट मजुरी देण्याचे बंधनही घातले. मात्र मोजके नोकर असलेल्या दुकानांना यातल्या बऱ्याच तरतुदी लागत नाहीत आणि आपल्या पेठेतली बहुतेक दुकाने तशीच आहेत. म्हणजे प्रश्न शेवटी शेठच्या आणि आपल्या मनावरच येतो.

शेठचीही अडचण खरी आहे. भाडे वाढले, गिऱ्हाईक मोबाइलवर खरेदी करते, ईद आणि दिवाळीच्या धंद्यावर वर्ष काढायचे असते. पण मोबाइल सोडून माणूस दुकानात येतो तो कशासाठी? कपडा हातात घेऊन खरे सांगणारा कुणीतरी तिथे असतो म्हणून. त्या माणसाला एक स्टूल, वेळेवर पगार आणि पाळीने सुटी दिली तर दुकानाचे नुकसान होत नाही. यंदा निदान पगार पंचविसाव्या रोज्याआधी हातात पडावा.

आणि आपण गिऱ्हाइकांनी? शक्य असेल त्यांनी खरेदी दिवसा उरकावी. घ्यायचे नसेल तर वीस घड्या मोडू नयेत. चांदरातीला बारानंतर जाऊन ‘अजून दाखवा’ म्हणू नये. समोरच्या पोरालाही पहाटे उठून ईदगाहवर जायचे असते, आणि त्याच्या घरीही कुणीतरी नव्या चपलेची वाट पाहत असते.