मनपा शाळांत संध्याकाळची मोफत लेखन व अभ्यास केंद्रे सुरू करण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. आयुक्त,
सोलापूर महानगरपालिका,
इंद्रभुवन, सोलापूर.

प्रत माहितीसाठी : मा. प्रशासनाधिकारी, मनपा शिक्षण मंडळ, सोलापूर.

विषय : पूर्व भागापासून सुरुवात करून शहरातील मुलांसाठी मोफत, बहुभाषिक लेखन व अभ्यास केंद्रे उघडण्याबाबत.

महोदय,

आम्ही पूर्व भागात राहणारे पालक, नोकरीत असलेले व निवृत्त शिक्षक आणि वाचनालयांचे कार्यकर्ते हे निवेदन सादर करीत आहोत. आमची मागणी मोठी नाही, म्हणून ती आधीच सांगतो. शाळा सुटल्यावर संध्याकाळी दोन तास मनपा शाळेची एक खोली उघडी ठेवावी. पाचवी ते दहावीच्या मुलांना तिथे अभ्यासात फुकट मदत मिळावी आणि त्याच बाकावर बसून त्यांनी आपल्या मनातले आपल्या शब्दांत लिहावे. नवी इमारत नको, उद्घाटनाची कोनशिलाही नको.

अशोक चौक, साखर पेठ, दत्त नगर, नीलम नगर, विडी घरकुल या भागांतली संध्याकाळ आपल्या परिचयाची असेलच. आई पाने कापून विड्या वळत असते. हजाराचा हिशोब पुरा करून माल कारखान्यात द्यायचा, त्यातली छाट, म्हणजे नाकारलेल्या विड्या, निघाली की तेवढी मेहनत वाया. वडील यंत्रमागावर, पाळी रात्रीची असली तर मूल शाळेतून येते तेव्हा ते नुकतेच झोपेतून उठलेले. एका खोलीच्या घरात सूप, पानांचा गठ्ठा, तंबाखूचा वास आणि टीव्ही यांच्यामध्ये गृहपाठ करायचा असतो. अडले तर विचारायचे कोणाला? घरात तेलुगू, शेजारी कन्नड, पलीकडच्या गल्लीत दखनी उर्दू आणि पुस्तक मराठी. आईवडिलांची इच्छा नसते असे मुळीच नाही. पोटाला चिमटा काढून ते शिकवणीची फी भरतात. ज्यांना ते जमत नाही त्यांची मुले सातवी-आठवीपर्यंत रेटत येतात आणि मग हळूहळू शाळेतून गळतात. मुलगी असेल तर ती तोवर आईच्या शेजारी विड्यांची तोंडे बंद करायला बसलेली असते.

हीच मुले घराची दुभाषी असतात. दवाखान्यात डॉक्टरांचे म्हणणे आजीला तेलुगूत सांगतात, बँकेचा अर्ज वाचतात, रेशन दुकानदाराशी मराठीत हुज्जत घालतात. एका तासात तीन भाषांतून ये-जा करणे ही थोडी हुशारी नव्हे. पण त्याच मुलाची निबंधाची वही उघडा. ‘मी फुलपाखरू झालो तर’, ‘माझा आवडता ऋतू’, सगळे गाईडमधून उतरवलेले, शेजारच्या बाकावरच्या वहीत अगदी तेच. ज्या पोराने आदल्या दिवशी आईच्या मजुरीसाठी हिशोबनीसाशी भांडण केले, त्याला त्यावर चार ओळी लिहायला कोणी सांगितलेले नसते. असा विषय निबंधाचा असू शकतो हे त्याला ठाऊकच नसते. यात शिक्षकांना दोष देण्याचा आमचा हेतू नाही. पटावरची मुले, माहितीचे तक्ते आणि अभ्यासक्रम पुरा करण्याची घाई यांत एकेका मुलाची वही घेऊन बसायला वेळ कुठून येणार?

म्हणून शिकवणी आणि लेखन ही दोन्ही कामे एकाच ठिकाणी व्हावीत असा आमचा आग्रह आहे. नुसती शिकवणी ठेवली तर वर्षभरात तिचा क्लास होतो आणि गुणांखेरीज काही उरत नाही. नुसते लेखनवर्ग ठेवले तर तिथे सुखवस्तू घरांतली चार मुले येतात. अपूर्णांकांची गणिते सोडवायला आलेले मूल गोष्ट लिहायला थांबते, हा अनुभव इतर देशांत जमेला आहे. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को येथे २००२ साली लेखक डेव्ह एगर्स आणि शिक्षिका निनिव्ह कॅलेगरी यांनी ‘८२६ व्हॅलेन्सिया’ हे असे मोफत केंद्र काढले. ती जागा नियमानुसार दुकानासाठी राखीव होती, म्हणून त्यांनी दर्शनी भागात समुद्री चाच्यांच्या सामानाचे दुकान थाटले आणि मागे मुलांची टेबले मांडली. (आपल्याकडे चादरी-टॉवेलांचे दुकान चालेल.) डब्लिनमध्ये कादंबरीकार रॉडी डॉयल यांनी शॉन लव्ह यांच्यासोबत २००९ साली ‘फायटिंग वर्ड्स’ सुरू केले. तिथे अख्खा वर्ग येतो, सगळे मिळून गोष्ट रचतात, ती मध्येच थांबवली जाते आणि पुढचा भाग ज्याचा त्याने लिहायचा. घरी जाताना प्रत्येकाच्या हातात त्याच्या गोष्टीचे छापील पुस्तक असते. फी कोणाकडूनही घेतली जात नाही.

एवढ्या लांब जायचे नसेल तर फलटण जवळ आहे. मॅक्सीन बर्नसन यांनी तिथल्या कमला निंबकर बालभवनात मुलांच्या बोलण्याला आणि स्वतंत्र लेखनाला वाचन शिकवण्यात मानाची जागा दिली. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघते आहे आणि त्याचे जुने अंक संगणकावर मोफत वाचता येतात. केंद्रात वाचायला काय ठेवावे हा प्रश्न त्यामुळे बराच सुटतो.

सोलापूरला लिहित्या माणसांची वाण कधी नव्हती. १९३१ च्या जानेवारीत येरवड्यात फाशी गेलेल्या चार हुतात्म्यांपैकी कुर्बान हुसेन हे ऐन विशीतले संपादक होते; गिरणी कामगारांची बाजू मांडणारे ‘गझनफर’ हे पत्र ते चालवीत. लक्ष्मीनारायण बोल्ली तेलुगूभाषक पद्मशाली समाजातले, पण त्यांचे आत्मकथन ‘एका साळियाने’ मराठीत आले. शरणकुमार लिंबाळे यांचा जन्म अक्कलकोट तालुक्यातल्या हन्नूरचा. त्यांचे ‘अक्करमाशी’ देशोदेशी वाचले गेले. मारुती चितमपल्ली १९३२ साली याच शहरात जन्मले आणि जंगलात उभी हयात घालवून अखेरीस इथेच परतले. १९४१ आणि २००६ अशी दोन अखिल भारतीय साहित्य संमेलने सोलापुरात झाली. दुसऱ्याचे अध्यक्ष चितमपल्लीच होते. पण संमेलनाचा मांडव तीन दिवसांत उतरतो. विडी कामगाराच्या मुलीला तिथे श्रोत्यांतही जागा मिळतेच असे नाही.

कायद्याचा आधारही आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६३ नुसार प्राथमिक शिक्षण हे महापालिकेचे अनिवार्य कर्तव्य आहे आणि कलम ६६ ग्रंथालयासारख्या सोयी करण्याची मुभा देते. शिक्षण हक्क कायदा, २००९ चे कलम २९ मुलाचा सर्वांगीण विकास, भयमुक्त वातावरण आणि शक्य तिथवर मातृभाषा यांची अपेक्षा धरते. आपण मराठीबरोबर उर्दू, तेलुगू आणि कन्नड माध्यमाच्याही शाळा चालवता, ही फार थोड्या शहरांना लाभलेली गोष्ट आहे. ‘असर’सारखी वाचन-पाहणी खेड्यांपुरती असल्याने शहरातल्या गरीब मुलाचे वाचन-लेखन त्या आकड्यांत दिसतही नाही. ते पाहण्याची जबाबदारी आपसूक महापालिकेवर येते.

आता मागण्या. पहिली जागेची. पूर्व भागात दोन, उर्दू शाळांच्या परिसरात एक आणि कन्नडभाषक वस्तीत एक, अशा चार शाळांतील प्रत्येकी एक खोली साडेपाच ते साडेसात उघडी ठेवावी. दिवे, पंखे, पिण्याचे पाणी आणि मुलींसाठी चालू स्थितीतले स्वच्छतागृह एवढे असले तरी पुरे. धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन आलेल्या मुलीला परत पाठवू नये. हा नियम लेखी करावा, कारण तो नसेल तर निम्म्या मुली पहिल्याच आठवड्यात येणे बंद करतील.

मनुष्यबळासाठी शिक्षकांना वेठीस धरू नये, हे आम्ही मुद्दाम नोंदवतो. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २८ ने शिक्षकांना खासगी शिकवणीस मनाई केलेली आहे. आमचे केंद्र मोफत असल्याने तो प्रश्न येत नाही, पण दिवसभर शिकवलेल्यांवर संध्याकाळचे काम सक्तीने लादणे अन्यायाचे होईल. राष्ट्रीय सेवा योजनेच्या प्रत्येक स्वयंसेवकाला वर्षाला १२० तास काम करायचे असते. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाशी करार करून त्यातले काही तास या केंद्रांना मिळवावेत. वृक्षारोपणाच्या छायाचित्रांपेक्षा ते अधिक कारणी लागतील. त्यांच्या जोडीला निवृत्त शिक्षक, पत्रकार आणि डी. एल. एड.चे विद्यार्थी घ्यावेत. मात्र प्रत्येक केंद्राला एक मानधनी समन्वयक हवाच. निव्वळ स्वयंसेवेवर चाललेले उपक्रम दिवाळीच्या सुट्टीनंतर पुन्हा उघडत नाहीत, हे आम्ही पुष्कळदा पाहिले आहे. सर्वांची पोलीस पडताळणी व्हावी आणि खोलीत एका वेळी किमान दोन प्रौढ असावेत.

भाषेच्या बाबतीत हात सैल सोडावा. मुलाने तेलुगू देवनागरीत लिहिले, मराठी वाक्यात दखनी शब्द आला, तरी पहिल्या खर्ड्यावर लाल शाई नको. शुद्धलेखन दुसऱ्या-तिसऱ्या खर्ड्यात शिकवता येते आणि तेव्हा मुलालाही ते हवे असते. स्पर्धा, क्रमांक, ढाली काही नको. स्पर्धा ठेवली की गाईड परत येते.

वर्षातून दोनदा प्रत्येक केंद्राने मुलांच्या लेखनाची छापील पुस्तिका काढावी. तिच्या प्रती शाळांत, मनपा वाचनालयांत आणि हिराचंद नेमचंद वाचनालयात ठेवाव्यात. मुखपृष्ठावर कोणाही मान्यवराचे छायाचित्र नसावे, आपलेही नसावे, ही नम्र विनंती. छापण्याआधी मुलाची व पालकांची संमती घ्यावी आणि टोपणनाव चालवून घ्यावे. मुले मोकळेपणाने लिहू लागली की घरातले व्यसन, मारहाण, ठरत असलेले लग्न असेही कागदावर येणार. ते वाचणाऱ्याने काय करायचे, १०९८ या बाल मदतवाहिनीवर केव्हा फोन करायचा, याचे प्रशिक्षण पहिला वर्ग भरण्याआधी द्यावे.

खर्चासाठी अंदाजपत्रकात स्वतंत्र लेखाशीर्ष असावे. कंपन्यांचा सामाजिक निधी मिळाला तर घ्यावा, पण केंद्राचे दिवे त्याच्या भरवशावर ठेवू नयेत. देखरेख समितीत पालक असावेत आणि त्यांत एक तरी विडी कामगार महिला असावी.

कुंभारीच्या गोदूताई परुळेकर आणि रे नगर या वसाहती शहराच्या हद्दीबाहेर असल्याने तिथला प्रश्न जिल्हा परिषदेचा आहे. तरी तिथली माणसे याच शहराच्या मागांवर आणि विडी कारखान्यांत राबतात. मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना आपण पत्र लिहून पुढच्या टप्प्यात तिथे अशीच केंद्रे सुचवावीत.

येत्या जूनमध्ये नव्या शैक्षणिक वर्षाबरोबर ही चार केंद्रे सुरू व्हावीत, त्यासाठी शिक्षण मंडळ, विद्यापीठ आणि आमचे प्रतिनिधी यांची संयुक्त बैठक आपण बोलवावी आणि तिची तारीख लेखी कळवावी. बैठक संध्याकाळी सातनंतर ठेवल्यास विडी आणि यंत्रमाग कामगार पालकांना रोज न बुडवता येता येईल.

कळावे,

आपले विश्वासू,
सोलापूर शहरातील पालक, शिक्षक व वाचनालय कार्यकर्ते

सोबत : सह्यांची यादी (मराठी, तेलुगू, कन्नड व उर्दू).