चारही चाकांना जोर : ट्रॅक्टरचा आणि महागड्या मोटारीचा



शहरालगतच्या गावांत हल्ली महागड्या मोटारी दिसू लागल्या आहेत. रस्त्याला किंवा कारखान्याला जमीन गेली, मोबदला हाती आला, की घरातला मुलगा म्हणतो, "फोर व्हील ड्राइव्ह गाडी घेऊ. चिखल असो, घाट असो, कुठे अडायची नाही." वडीलधाऱ्यांना त्यातले कळत नाही, आणि मुलाला विक्रेत्याने सांगितले तेवढेच कळते. पैसा तुमचा आहे. तो कशावर खर्च होतो, हे तरी आधी समजून घ्यावे.

खळ्यावर तिवड्याभोवती बैलांची पात फिरते तेव्हा आतला बैल जागच्या जागी पाऊल टाकतो आणि बाहेरचा झपझप चालतो. वळणावर चाकांचेही तसेच होते. बाहेरच्या चाकाला अंतर जास्त पडते. दोन्ही चाके एकाच दांड्याला घट्ट बांधली तर एक चाक घासत जाईल. म्हणून मध्ये डिफरन्शियल बसवतात. त्याने दोन्ही चाकांना आपापल्या गतीने फिरता येते. पण यात एक खोट आहे. एक चाक चिखलात रुतले की तेच गरगर फिरते आणि कोरड्यावरचे चाक स्वस्थ उभे राहते. ट्रॅक्टरला डिफरन्शियल लॉकचे पेडल असते ते याचसाठी.

वळणावर पुढच्या आणि मागच्या चाकांनाही सारखे अंतर पडत नाही. आपल्या फोर व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टरला मध्ये तिसरे डिफरन्शियल नसते. चिखलणीत किंवा ओल्या काळ्या रानात चाक थोडे सरकते, त्यामुळे ताण मोकळा होतो. डांबरी रस्त्यावर मात्र चाक सरकत नाही. मग टायर झिजतात आणि गिअरवर ताण येतो. म्हणून रानातून रस्त्यावर आलात की पुढची ओढ काढा.

मोटार तर डांबरीवरच चालवायची. तिथे चारही चाकांना जोर कसा द्यायचा, या प्रश्नावर ज्याने मोठे काम उभे केले तो मूळचा ट्रॅक्टरवालाच होता. आयर्लंडमधल्या शेतकरी कुटुंबात १८८४ साली जन्मलेल्या या हॅरी फर्ग्युसनचे नाव आपल्याकडच्या कित्येक ट्रॅक्टरांवर आहे. पूर्वी नांगर ट्रॅक्टरमागे नुसता ओढला जाई. फाळ दगडाला अडकला की ट्रॅक्टरचे तोंड वर उठे आणि तो चालवणाऱ्याच्या अंगावर उलटे. फर्ग्युसनने तीन सांध्यांची जोडणी आणि हायड्रॉलिक लिफ्ट बसवली. त्यामुळे औताचा भार मागच्या चाकांवर येऊ लागला, हलक्या ट्रॅक्टरलाही पकड आली आणि माणसाचा जीव वाचला. त्याचा छोटा राखाडी ट्रॅक्टर १९४६ ते १९५६ या काळात पाच लाखांहून अधिक तयार झाला.

ट्रॅक्टरच्या धंद्यातून मोकळा झाल्यावर त्याने मोटारीची पकड हा विषय हाती घेतला. तो १९६० साली वारला. पण पुढच्याच वर्षी त्याच्या संस्थेने बनवलेल्या शर्यतीच्या मोटारीने इंग्लंडमधल्या ओल्टन पार्क येथे ओलसर रस्त्यावर शर्यत जिंकली. चालक होता स्टर्लिंग मॉस. त्याच पद्धतीची जेन्सन एफएफ ही महागडी मोटार १९६६ साली विक्रीला आली. तिच्यात चाके जाम होऊ न देणारा ब्रेकही होता. किंमत मात्र फार, त्यामुळे १९७१ पर्यंत जेमतेम ३२० मोटारी तयार झाल्या.

पुढे जर्मनीच्या ऑडी कारखान्याने हे काम सोपे केले. फिनलंडच्या बर्फात चाचण्या चालू असताना त्यांच्या लक्षात आले, की कमी अश्वशक्तीचे एक लष्करी वाहन चारही चाकांच्या ओढीमुळे जास्त ताकदीच्या मोटारींना मागे टाकते. त्यांनी गिअरपेटीत पोकळ दांडा बसवून मागे आणि पुढे दोन्हीकडे जोर नेला. ती क्वाट्रो मोटार १९८० साली आली. पुढच्याच वर्षी मिशेल मूटाँ या फ्रेंच बाईने ती चालवून इटलीतली सॅन रेमो रॅली जिंकली. जागतिक अजिंक्यपदाची रॅली जिंकणारी ती पहिली स्त्री.

आता विजेच्या मोटारीकडे वळू. कल्पना नवी नाही. फर्डिनांड पोर्शे यांनी १९०० च्या सुमारास चारही चाकांत विजेच्या मोटरी बसवलेली गाडी केली होती. तिच्या शिशाच्या बॅटरीचेच वजन सुमारे १८०० किलो होते. पुढे याच पोर्शेंच्या आराखड्यावर ट्रॅक्टरही निघाले. चारही चाकांना जोर असलेल्या आजच्या विजेच्या मोटारीत बहुधा पुढे एक आणि मागे एक मोटर असते, मधला लांब दांडा नसतो. कोणत्या चाकाला किती जोर द्यायचा हे संगणक क्षणात ठरवतो. विजेची मोटर उभ्या जागेवरूनच पूर्ण जोर देते, म्हणून अशी गाडी सुटते ती बाणासारखी. हायब्रिड मोटारीत इंजिन आणि विजेची मोटर अशी जोडगोळी असते. घाट उतरताना किंवा ब्रेक लावताना वाया जाणाऱ्या शक्तीचा काही भाग बॅटरीत परत भरला जातो.

हे सारे उत्तमच आहे. पण घरात निर्णय होण्यापूर्वी पुढील गोष्टी लक्षात घ्या.

पहिली गोष्ट, चारही चाकांचा जोर गाडी पुढे नेण्यासाठी असतो. गाडी थांबवताना त्याचा उपयोग नाही. ब्रेक साध्या मोटारीलाही चारही चाकांना असतात. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यावर लागणारे अंतर चौपट होते, मग मोटार कितीही लाखांची असो. गाडी सुटायला घसरत नाही म्हणून थांबायलाही घसरणार नाही, असे पोराला वाटते, आणि ओल्या रस्त्यावर घात होतो तो इथेच.

दुसरी, विजेच्या मोटारीची बॅटरी जड असते आणि महागड्या मोटारींचे पोट बहुधा जमिनीलगत असते. पावसाळ्यात काळ्या रानातल्या गाडीवाटेवर ती रुतली की बाहेर काढायला शेजारच्याचा ट्रॅक्टरच बोलवावा लागेल.

तिसरी, १०० युनिटची बॅटरी घरातल्या १५ अँपिअरच्या प्लगवर भरायची तर सुमारे ३३ तास सलग वीज हवी. तुमच्या गावात ती किती तास असते, हे तुम्हीच जाणता. शेतीपंपाच्या जोडणीवरून मोटार चार्ज करू नका. त्या दराची वीज दुसऱ्या कामाला वापरणे कायद्याने अनधिकृत आहे.

चौथी, अशा मोटारीचे चारही टायर एकाच मापाचे आणि सारख्या झिजेचे लागतात. एक फुटला की पुष्कळदा चारही बदलण्याची वेळ येते.

पाचवी गोष्ट हिशेबाची. समजा, मोटार ५० लाखांची आहे. तेवढी रक्कम शेकडा ७ व्याजाने ठेवली तर वर्षाला साडेतीन लाख घरात येतात आणि मुद्दल जागेवर राहते. मोटारीची किंमत मात्र दरवर्षी उतरते, वर विमा आणि दुरुस्ती आहेच. गेलेली जमीन दरवर्षी पीक देत होती. तिच्या बदल्यात आलेला पैसाही दरवर्षी काही देत राहिला पाहिजे. आधी विहीर, ठिबक, मुलीचे शिक्षण, जमल्यास दुसरीकडे थोडे रान. त्यातून उरले तर मोटार घ्या, आणि खुशाल मिरवा. हौसेला मोल नसते, पण ती उरलेल्या पैशातून करावी.

ट्रॅक्टर घेणाऱ्यांनाही तेच सांगणे. भाताची चिखलणी, चढाचे रान, जड काळी जमीन असेल तर फोर व्हील ड्राइव्हचे पैसे वसूल होतात. हलक्या सपाट जमिनीवर आंतरमशागतच करायची असेल, तर साधा ट्रॅक्टर आणि योग्य वजन पुरते. आणि रस्त्यावर निघताना ब्रेकची दोन्ही पेडले एकत्र जोडायला विसरू नका.

पुढील अंकात ट्रॅक्टरच्या टायरमधील हवा आणि पाणी यांविषयी पाहू.