सत्काराआधी अभ्यासिका

सीएचा निकाल लागला की आपल्याकडे सत्कार होतात. शाल, गुच्छ, फोटो. त्याआधीची काही वर्षे ही मुले कुठे बसून अभ्यास करत होती, हे मात्र कुणी विचारत नाही.

मला ही परीक्षा आपल्या मुलांसाठी महत्त्वाची वाटते, कारण तिच्यात मुलाखत नाही, वशिला नाही. नियम सर्वांना एकच. इंटर आणि फायनलला प्रत्येक पेपरात किमान ४० टक्के आणि ग्रुपमध्ये एकूण ५० टक्के हवेत. म्हणजे तिन्ही पेपरांत ४५-४५ गुण मिळवणाराही नापास! शिवाय पेपर इंग्रजी किंवा हिंदीतच लिहायचा. मराठी-उर्दू माध्यमातल्या मुलाला आधी भाषेशी झुंजावे लागते.

अशा परीक्षेत एकदा नापास होणे म्हणजे कुवत नसणे नव्हे. पण घरी लगेच ऐकवले जाते, ‘बस झालं, आता दुकान सांभाळ.’ मुलगी असेल तर स्थळे येऊ लागतात.

इन्स्टिट्यूटचे अभ्याससाहित्य आणि सराव परीक्षांचे पेपर वेबसाइटवर मोफत आहेत. नसते ती शांत जागा. मोहल्ल्यातला शादीखाना लग्नसराई सोडली तर बहुतेक रिकामाच असतो. तिथली एक खोली, दिवे आणि पंखा रात्री अकरापर्यंत मुला-मुलींसाठी खुला ठेवा. शाल नंतर द्या.