मनातल्या मनूची उलटतपासणी

२५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृतीचे दहन झाले. कागदावरचा मनू त्या दिवशी जळाला. परंतु पिढ्यान्‌पिढ्या कानांवाटे आमच्या मनात शिरलेल्या मनूचे काय? तो आजही आतून बोलतो आणि आमच्याच आवाजात बोलतो.

मध्यंतरी आमच्याकडे काम शिकणारी एक तरुण वकील भगिनी प्रथमच स्वतंत्रपणे युक्तिवादाला उभी राहिली. न्यायाधीशांनी एक प्रश्न विचारला, तिला उत्तर चटकन सुचले नाही. पुढची तारीख पडली, एवढेच. पण व्हरांड्यात येऊन ती म्हणाली, "सर, आमच्यासारख्यांचं हे कामच नाही." त्याच सकाळी दुसरा एक नवखा वकीलही अडखळला होता. 'आज तयारी कमी पडली' असे म्हणत तो चहा प्यायला निघून गेला. चूक दोघांचीही सारखीच. आमच्या मुलीने मात्र स्वतःबरोबर सगळ्या समाजालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले.

'आमच्यासारख्यांचं' हा शब्द तिला कोणी शिकवला? वर्गात 'सरकारचे जावई' म्हणून हिणवणाऱ्यांनी. वसतिगृहात पहिल्याच दिवशी आडनाव आणि प्रवेशाचे गुण विचारणाऱ्यांनी. बाहेरचे लोक बोलून मोकळे होतात. ते वाक्य आम्ही मात्र घरी आणतो आणि आयुष्यभर सांभाळतो.

कायद्याचा साधा नियम आहे. दुसऱ्याकडून ऐकलेल्या गोष्टीची साक्ष, काही अपवाद सोडले तर, न्यायालय पुरावा म्हणून स्वीकारत नाही. तथागतांनी कालामांना हेच सांगितले होते : केवळ परंपरेने ऐकत आलो म्हणून काही खरे मानू नका, तपासून पाहा. मग स्वतःविषयीचा ऐकीव पुरावा आम्ही न तपासता का स्वीकारतो? मनातल्या या खटल्यात फिर्यादी, साक्षीदार आणि न्यायाधीश एकच; आरोपीला बाजू मांडण्याची संधीही नाही. असा निकाल कोणते अपील न्यायालय कायम ठेवील? आणि ज्या 'गुणवत्ते'चा धाक दाखवला जातो, ती केवळ स्पर्धा परीक्षेतल्या गुणांवरून ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली नील ऑरेलियो नुनीस प्रकरणात स्पष्ट केले आहे.

येथे आम्हांला चळवळीलाही दोन शब्द सुनवायचे आहेत. जयंतीनिमित्त अठरा तास अभ्यासाचे उपक्रम आपण घेतो, ते स्तुत्यच आहेत. पण मुलाला दोन गुण कमी पडताच "बाबासाहेब अठरा अठरा तास वाचायचे, आणि तू?" असे आपण दरडावतो, तेव्हा बाबासाहेबांच्या तसबिरीची आपण छडी करतो. तसेच, सभा मोडली की "आपला समाज म्हणजे खेकड्यांची पाटी" असे आपणच म्हणतो. हे आत्मपरीक्षण नव्हे. ही मनूचीच साक्ष आहे, फक्त साक्षीदार बदलला आहे.

आमच्या म्हणण्याचा विपर्यास मात्र कोणी करू नये. मन घट्ट केले की अन्याय संपतो, असे आम्ही म्हणत नाही. रोहित वेमुला (२०१६) आणि डॉ. पायल तडवी (२०१९) यांना आपण गमावले. त्यानंतर दोघांच्या माता विद्यापीठांतील जातिभेदाविरुद्ध २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेल्या. बाहेरचा लढा बाहेरच लढावा लागेल. परंतु आतून रोज स्वतःलाच मारणारा कार्यकर्ता तो लढा किती दिवस लढेल?

म्हणून आतल्या आवाजाची उलटतपासणी घ्यावी. छळणारे वाक्य कागदावर लिहावे. हे प्रथम कोण बोलले? पुरावा काय? विरुद्ध पुरावा कोणता? हेच मी माझ्या धाकट्या बहिणीला म्हणालो असतो काय? आणि मग त्याच्या जागी खरे वाक्य लिहावे. "तू फार थोर आहेस" ही खोटी स्तुतीही मृषावादच. "आज उत्तर आले नाही, उद्या तो निवाडा वाचून येईन," हे खरे वाक्य. सम्यक वाचा म्हणजे खोटे, फूट पाडणारे, कठोर आणि निरर्थक न बोलणे. हा नियम काय फक्त शेजाऱ्याशी बोलण्यापुरताच आहे? बौद्ध परंपरेत मैत्री भावनेचा आरंभही स्वतःपासूनच सांगितला आहे. मन फारच खचले तर एकट्याने कुढू नये. आपल्या माणसाला गाठावे, डॉक्टरांकडे जावे, शासनाच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक फिरवावा. त्यात कमीपणा नाही.

ती भगिनी पुढच्या तारखेला पुन्हा उभी राहिली. अडखळली, थांबली, कागद पाहिला आणि बोलली. अर्ज मंजूर झाला की नाही, हे महत्त्वाचे नाही. बाहेर आल्यावर ती 'आमच्यासारख्यांचं' म्हणाली नाही. "सर, पुढची तारीख कधी?" एवढेच तिने विचारले.